महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि आपली ज्ञाती

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर ज्ञातिबांधवाचे चरित्र द्यावे, हा प्रघात जुना आणि स्तुत्य आहे. त्यायोगे तरुणांस आदर्श लाभतो, वडीलधाऱ्यांस समाधान वाटते आणि ज्ञातीचा अभिमानही जागृत राहतो. परंतु यंदा ज्या पुरुषाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे, त्यांच्या बाबतीत केवळ अभिमान व्यक्त करून थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मराठा ज्ञातीच्या सभागृहांतून श्रीशिवछत्रपतींची, सयाजीराव महाराजांची आणि राजर्षी शाहू छत्रपतींची तसबीर हमखास आढळते. कर्मवीर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची तसबीर मात्र क्वचितच दिसते. हे असे का झाले, याचा विचार करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे त्या काळी एक लहानसे संस्थान होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. वडील रामजीबाबा हे वारकरी वृत्तीचे गृहस्थ. घरात भजन, पोथी आणि पाहुण्यांची वर्दळ असे. मातोश्री यमुनाबाई अत्यंत सोशिक होत्या. कानडी मुलखातील मराठी घर, संस्थानी गावातील मोजकी मिळकत आणि विठोबाची भक्ती, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. तत्कालीन रूढीप्रमाणे लग्नही बालपणीच झाले. १८९१ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे उच्च शिक्षणासाठी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. घरच्या परिस्थितीत कॉलेजचे शिक्षण पार पडण्याजोगे नव्हते. त्या प्रसंगी गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने त्यांना शिष्यवृत्ती दिली. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचेही साहाय्य झाले. म्हणजे विठ्ठलरावांचे शिक्षण हे ज्ञातीच्या पैशावर झाले. ज्ञातीतील होतकरू मुलांनी शिकावे, मोठ्या हुद्द्यावर जावे आणि मागून येणाऱ्या ज्ञातिबांधवांस हात द्यावा, या हेतूने जी वर्गणी गोळा होत असे, तिचा एक वाटा या मुलाच्या पदरात पडला. या वाट्याची परतफेड त्यांनी कशी केली, हेच त्यांच्या चरित्राचे सार आहे आणि त्यांच्याविषयीच्या वादाचे मूळही तेथेच आहे.

१८९८ साली ते बी. ए. झाले. कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईस गेले असता प्रार्थना समाजाशी त्यांचा संबंध वाढला व वकिलीचा मार्ग त्यांनी सोडून दिला. १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी गेले. विलायतेहून परत येणारा मराठा तरुण त्या काळी बॅरिस्टर होऊन तरी येई, नाहीतर एखाद्या संस्थानात मोठ्या पगारावर रुजू होई. विठ्ठलराव १९०३ साली परत आले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक होऊन, आणि तेही तुटपुंज्या वेतनावर. ज्ञातीतील पुष्कळांस हा पहिला धक्का बसला. मुलगा शिकला खरा, पण घरास व ज्ञातीस त्याचा उपयोग काय, अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली असेल, तर त्यात नवल नाही.

दुसरा धक्का याहून मोठा होता. १९०५ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे गेले असता जवळच्या भिंगार गावी अस्पृश्य बांधवांच्या एका सभेस ते रात्रीच्या वेळी उपस्थित राहिले. तेथे पाहिलेल्या स्थितीने त्यांच्या मनाने कायमचा निश्चय केला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळच्या बाजूस एका भाड्याच्या जागेत मिशनची पहिली शाळा निघाली. सर नारायणराव चंदावरकर अध्यक्ष, दामोदरदास सुखडवाला यांच्यासारखे दाते आणि विठ्ठलराव जनरल सेक्रेटरी, अशी ही संस्था डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावाने प्रसिद्ध आहे. तिचे मराठी नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी असे होते. शिक्षणाचा प्रसार करणे, नोकऱ्या मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि धर्म, शील व नागरिकत्व यांची शिकवण देणे, असे तिचे उद्देश होते.

मिशन काढणे ही एक गोष्ट आणि त्यात राहावयास जाणे ही दुसरी. विठ्ठलरावांनी दुसरी गोष्ट केली. केवळ स्वतः नव्हे, तर वृद्ध आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई आणि भगिनी जनाक्का यांच्यासह सारे घर त्यांनी या कामात घातले. जनाक्कांचे नाव येथे विशेष आदराने घेतले पाहिजे. सासरच्या छळातून सुटून भावाच्या आधाराने त्या पुण्यात शिकल्या व पुढे मुंबईच्या चाळींतून, अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतून फिरल्या. तेथील बायामुलींस त्यांनी शिकविले, आजाऱ्यांची विचारपूस केली. आजही आपल्या घराण्यांतून सुनांना व मुलींना कोणत्या दारी जावे व कोणत्या दारी जाऊ नये, याचे अलिखित दंडक असतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एका मराठा घरातील या बाईने ते दंडक मोडले, याची किंमत काय पडली असेल याचा अंदाज आपल्या भगिनींनाच अधिक येईल.

मिशनच्या शाखा मुंबईबाहेर पुणे, हुबळी, नागपूर अशा ठिकाणी पसरल्या. पुण्यात नाना पेठेत इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांच्या देणगीतून जी वास्तू उभी राहिली, तिला पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावावरून अहिल्याश्रम असे नाव मिळाले. शाळा, वसतिगृह, हातधंद्यांचे शिक्षण असा तेथील व्याप होता. याच सुमारास मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्धही विठ्ठलरावांनी चळवळ केली. खंडोबा हे आपल्यातील कित्येक घराण्यांचे कुलदैवत. त्या कुलदैवताच्या नावाने गरिबांच्या मुली देवास वाहिल्या जातात आणि त्यांच्या आयुष्याची धूळधाण होते, हे त्यांनी उघडपणे सांगितले. कुलदैवताविषयी त्यांच्या मनात अनादर नव्हता, परंतु अनेकांस तो अनादरच वाटला.

राजकारणातही त्यांनी स्वस्थ बसणे पसंत केले नाही. राष्ट्रीय सभेने सामाजिक प्रश्नांत हात घालू नये, असा दंडक अनेक वर्षे चालत आला होता. १९१७ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात, ॲनी बेझंट अध्यक्ष असता, अस्पृश्य वर्गांवरील जुलमी निर्बंध दूर करावेत असा ठराव संमत झाला. या ठरावामागे विठ्ठलरावांची खटपट होती. १९१८ च्या मार्च महिन्यात मुंबईस सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारणाची अखिल भारतीय परिषद त्यांनी भरविली. लोकमान्य टिळकांसारखा पुढारी त्या व्यासपीठावर आला व अस्पृश्यतेचा त्याने तीव्र शब्दांत निषेध केला. परंतु व्यक्तिशः अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर त्याची सही मात्र झाली नाही. जाहीर भाषण आणि घरचा आचार यांतील हे अंतर विठ्ठलरावांस नवे नव्हते. ते त्यांनी स्वतःच्या ज्ञातीतही पाहिले होते.

येथपर्यंतचे चरित्र वाचून कोणीही म्हणेल की, अशा पुरुषाचा जयजयकारच व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. विठ्ठलरावांवर चोहोंकडून टीका झाली, आणि ती सर्वच निराधार होती असेही आम्ही म्हणणार नाही.

सनातनी लोकांच्या दृष्टीने ते धर्मबुडवे होते; त्यात आश्चर्य नाही. ब्राह्मणेतर चळवळीतील पुढाऱ्यांस त्यांचा राग आला तो अन्य कारणाने. १९१७ साली विठ्ठलरावांनी पुण्यात राष्ट्रीय मराठा संघ काढला आणि जातवार प्रतिनिधित्वापेक्षा राष्ट्रीय मागणीस पाठिंबा दिला. टिळकपक्षाशी ते हातमिळवणी करतात, असा त्यांच्यावर आरोप झाला. खरे पाहता, पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला आणि मुलींस त्यातून वगळण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा त्याच टिळकपक्षाविरुद्ध मुलींची बाजू घेऊन विठ्ठलरावच पुढे उभे राहिले. तथापि एका पक्षाच्या चौकटीत न मावणाऱ्या माणसावर दोन्ही पक्षांचा अविश्वास असतो, हे सार्वजनिक जीवनात नेहमीच दिसून येते.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम ज्ञातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या. १९२० च्या निवडणुकीत विठ्ठलरावांनी राखीव जागेवरून उभे राहावे, असे सुचविले गेले. ते त्यांनी नाकारले. पुण्यातून सर्वसाधारण जागेसाठी ते उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या वेळी बहुजन पक्षाच्या नावाने त्यांनी जो जाहीरनामा काढला, त्यात शेतकरी, शिपाई, मजूर, अस्पृश्य, स्त्रिया आदी वर्गांचा विचार होता. कोण कोणत्या जातीत जन्मला यापेक्षा कोण कष्ट करतो आणि कोण वंचित आहे, यावर त्यांनी आपल्या पक्षाची मांडणी केली. हमखास मिळणारी जागा सोडून हरणारी जागा पत्करली, म्हणून ज्ञातीने त्यांस वेड्यात काढले.

राखीव जागांचा प्रश्न आज आपल्या समाजात किती जिव्हाळ्याचा आणि किती वादाचा झाला आहे, हे येथे सांगावयास नको. विठ्ठलरावांच्या त्या नकाराचा दाखला आजच्या वादात एका बाजूने वा दुसऱ्या बाजूने ओढणे आम्हांस उचित वाटत नाही. ती जागा कायदेमंडळातील होती, शाळेतील वा नोकरीतील नव्हती. काळही वेगळा होता. त्यांच्या नकारातून एवढेच घ्यावे की, ज्ञातीच्या नावावर मिळणारा लाभ स्वीकारण्यापूर्वी या माणसाने आपली स्वतःची गरज तपासून पाहिली.

सर्वांत गंभीर टीका आली ती ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले त्या वर्गातून. साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाविषयी मिशनच्या बाजूने जी भूमिका मांडली गेली, तिच्यावर १९१९ च्या जानेवारीत सिडनहॅम कॉलेजातील तरुण प्राध्यापक भीमराव आंबेडकर यांनी आपल्या साक्षीत कठोर टीका केली. १९२० साली नागपुरास राजर्षी शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेतही विठ्ठलरावांच्या भूमिकेचा निषेध झाला. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, आमचे प्रतिनिधी आम्ही निवडू. दुसऱ्याने दया म्हणून आमच्या वतीने बोलू नये.

या वादात सत्य कोणाच्या बाजूस होते? आम्ही ज्ञातीचे म्हणून विठ्ठलरावांची तरफदारी करावी, अशी काही वाचकांची अपेक्षा असेल. परंतु आम्हांस वाटते ते असे : अधिकाराच्या प्रश्नावर बाबासाहेबांचे म्हणणे बरोबर होते. ज्याच्या पायात काटा रुतला आहे, तो काढण्याची रीत ठरविण्याचा पहिला हक्क त्याचाच. मिशनचा कारभार प्रथमपासून बहुतांशी स्पृश्य गृहस्थांच्या हाती होता आणि कितीही निर्मळ हेतू असला तरी त्यात वडिलकीचा भाव येणे अपरिहार्य होते. पण म्हणून विठ्ठलरावांचे काम लटके ठरत नाही. सरकारी शाळांच्या ओट्यावरसुद्धा ज्या मुलांना बसू देत नसत, त्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. अस्पृश्यतेचा प्रश्न हा स्पृश्यांच्या लाजेचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्यांनी स्पृश्यांच्या सभांतून जाऊन सांगितली. हे दुसरे काम कोणा अस्पृश्य पुढाऱ्याने करावे अशी अपेक्षाच अन्यायाची होती. ते स्पृश्यानेच करावयाचे होते व ते करणारे फार थोडे निघाले.

१९२३ साली विठ्ठलरावांनी मिशनची सूत्रे सोडली आणि ज्या वर्गासाठी ती संस्था होती, त्याच वर्गातील कार्यकर्त्यांकडे कारभार जावा असा मार्ग मोकळा केला. त्यामागे मतभेद होते, कटुताही होती. परंतु स्वतः काढलेली, स्वतः वाढविलेली संस्था हयातीत सोडून देणे किती जणांस साधते, याचा विचार आपल्या ज्ञातिसंस्थांतील पदाधिकाऱ्यांनी, आमच्यासह, अवश्य करावा.

पुढील वर्षी ते ब्राह्म समाजाच्या कामासाठी मंगळुरास गेले. नंतरच्या काळात शेतकऱ्यांच्या प्रश्नाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. १९२८ साली पुण्यास भरलेल्या मुंबई इलाखा शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. लहान शेतकऱ्याच्या हातून जमीन जाईल, अशा भीतीने ज्या सरकारी बिलाविरुद्ध गावोगाव असंतोष पसरला होता, त्याच्या विरोधात त्यांनी आवाज उठविला. मराठ्यांसाठी शिंद्यांनी काय केले, असे विचारणाऱ्यांनी ही परिषद आठवावी. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे तेव्हा नांगरावर जगत होती. १९३० च्या कायदेभंगात वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांना सहा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली व त्यांनी ती येरवड्याच्या तुरुंगात भोगली.

१९३३ साली त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचा उगम कोठे आहे, तिचे स्वरूप निरनिराळ्या प्रांतांत कसे आहे, याचा शोध त्यांनी वर्षानुवर्षे प्रवास करून, वस्त्यांतून राहून, जुने ग्रंथ चाळून घेतला होता. आज अस्पृश्य म्हणून दूर लोटलेले लोक मुळात हीन नव्हते. जिंकले गेल्यामुळे व सत्ता गमावल्यामुळे ते या स्थितीस आले, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातील प्रत्येक मत आजच्या संशोधकांस मान्य असेलच असे नाही. परंतु या ग्रंथाने वाचकापुढे जो आरसा धरला, त्यात आपणही थोडे पाहावे. जाधव, मोरे, पवार, गायकवाड, शिंदे ही आडनावे आपल्या वधूवर-सूचीत जशी आहेत, तशीच ती गावकुसाबाहेर ढकललेल्या घरांतही आहेत. आडनाव सांगितल्यावर आपण पुढचा प्रश्न कोणता विचारतो आणि का विचारतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे.

२ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात विठ्ठलरावांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'माझ्या आठवणी व अनुभव' असे आहे. त्यांच्या मागे मोठा अनुयायीवर्ग नव्हता, पक्ष नव्हता, त्यांच्या नावाने जयजयकार करणारी ज्ञातीही नव्हती. सनातन्यांना ते नको होते, ब्राह्मणेतरांस त्यांचा भरवसा वाटला नाही, अस्पृश्य वर्गाने आपला स्वतःचा समर्थ नेता शोधला, आणि मराठ्यांनी महारामांगांत मिसळणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरविली. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी त्यांचे ऋण थोडेफार फेडले. गो. मा. पवार यांनी लिहिलेल्या त्यांच्या बृहद् चरित्रास २००७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यानंतर त्यांचे नाव पुनः लोकांच्या कानी पडू लागले व आपल्या ज्ञातीसही ते आपले असल्याची आठवण झाली. ही आठवण उशिरा झाली, तरी तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तिच्याबरोबर येणारी जबाबदारी विसरता कामा नये.

येथे आम्ही पुनः त्या शिष्यवृत्तीकडे वळतो. गंगारामभाऊंच्या संस्थेने एका गरीब मराठा मुलास पैसे दिले, त्या वेळी देणाऱ्यांची अपेक्षा काय असेल? मुलगा शिकेल, नाव काढेल आणि ज्ञातीच्या उपयोगी पडेल. तो शिकला, त्याने नावही काढले. परंतु जे घेतले ते त्याने ज्ञातीच्या वेशीबाहेर नेऊन खर्च केले. ज्ञातीने त्यास हिशेब विचारला आणि जमेच्या बाजूस काही न दिसल्याने खाते बंद केले. आमच्या मते चूक हिशेब मांडण्याच्या रीतीत होती. ज्ञातीने दिलेल्या पैशातून एक माणूस असा निर्माण झाला की ज्याने ज्ञातीहून मोठ्या वर्तुळाची चिंता वाहिली. त्या संस्थेच्या वर्गणीचे याहून मोठे फळ दुसरे कोणते असू शकेल? एखाद्या घरच्या विहिरीचे पाणी शेजारच्या तहानेल्या वस्तीस मिळाले, म्हणून त्या घराचे नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही. उलट त्या विहिरीचे नाव पंचक्रोशीत होते.

आमचे मंडळही शिष्यवृत्त्या देते, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, वधूवर-मेळावे भरविते. ही कामे आवश्यक आहेत आणि ती चालू राहावीत. परंतु महर्षी शिंद्यांचे नाव घेऊन आम्ही ज्ञातिबांधवांपुढे दोन सूचना नम्रपणे ठेवू इच्छितो. पहिली ही की, मंडळाच्या शिष्यवृत्तीपैकी निदान एक तरी शिष्यवृत्ती दर वर्षी ज्ञातीबाहेरील, वंचित समाजातील विद्यार्थ्यास द्यावी, आणि तिला जनाक्का शिंदे यांचे नाव द्यावे. दुसरी ही की, २३ एप्रिलच्या जयंतीबरोबरच १८ ऑक्टोबर हा मिशनच्या स्थापनेचा दिवसही पाळावा, आणि त्या दिवशी सभागृहात भाषणे करण्याऐवजी मंडळाच्या सभासदांनी सहकुटुंब एखाद्या वस्तीतील शाळेत जावे, तेथील मुलांबरोबर बसावे व त्यांच्या पंक्तीस जेवावे. उपकार करणारे म्हणून जाऊ नये, शेजारी म्हणून जावे. बाबासाहेबांनी घेतलेल्या आक्षेपाचे स्मरण यातून राहील.

या सूचनांस विरोध होईल, याची आम्हांस कल्पना आहे. ज्ञातीचा पैसा ज्ञातीसाठी, हा विचार चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातही अजून अनेक घरी फी भरावयास पैसे नसतात व शेतीवर कर्ज असते. विठ्ठलरावांच्या घरीही पैसे नव्हते. तरी देखील त्यांनी आपल्या गरजेपलीकडे पाहिले, आणि त्यांच्या वृद्ध आईवडिलांनी, पत्नीने व बहिणीने त्यांस साथ दिली. असे कुटुंब आपल्या ज्ञातीत होऊन गेले, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही सरदारकीच्या सनदेहून अधिक भूषणाची वाटते.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या दोन्ही सूचना ठरावाच्या रूपाने मांडण्यात येतील. अनुकूल असोत वा प्रतिकूल, ज्ञातिबंधुभगिनींनी सभेस उपस्थित राहून आपली मते मोकळेपणाने मांडावीत, अशी आमची विनंती आहे. महर्षींची तसबीर सभागृहात लावण्याचा ठरावही त्याच सभेपुढे यावयाचा आहे. तो या दोन ठरावांनंतर घ्यावा, असे आम्ही सुचवितो.